उन्हाची बाजू

दाक्षायणीबाईंचे ओठ हलत होते. आशिष देशमाने व्यासपीठावरून बोलत होता, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलेल्या दाक्षायणीबाई आवाज न करता त्याच्याबरोबर तेच वाक्य म्हणत होत्या. आधी त्याला वाटलं, जप करताहेत. शोकसभेत वयस्कर बायका करतात तसा. "उन्हात चालताना," तो म्हणाला, "मानसिंगराव नेहमी उन्हाची बाजू घ्यायचे." इथं त्याची थांबायची जागा होती. तो थांबला. बाई थांबल्या नाहीत. त्यांचे ओठ त्याच्या पुढं गेले, 'सावली' या शब्दापाशी पोचले, तो शब्द त्यांनी पुरता उच्चारला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी तोंड मिटलं. चुकून कुणाच्या खोलीचं दार उघडलं गेलं आणि आतला माणूस कपडे बदलताना दिसला, की आपण जशी मान फिरवतो, तशी त्यांनी मान खाली घातली आणि मांडीवरचा पदर उगाच सारखा केला. आशिषला ते सगळं स्वच्छ दिसलं. एवढं दिसूनही आपलं तोंड थांबलं नाही, याची लाज त्याला नंतर सगळ्यात जास्त वाटत राहिली. तोंडानं आपलं काम चोख केलं. "त्यांची सावली बरोबरच्या माणसावर पडावी म्हणून." शेवटी आवाज जेवढा खाली यायला हवा तेवढाच खाली आला. मागं कुणीतरी नाक ओढलं.

हे वाक्य त्यानं पहिल्यांदा म्हटलं होतं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत, वीरभद्रप्पा बिराजदारांसाठी. वीरभद्रप्पा म्हणजे दाक्षायणीबाईंचे यजमान. आशिषच्याच कनिष्ठ महाविद्यालयात ते भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत एका सकाळी पेपर वाचता वाचता गेले. त्यांच्या शोकसभेतही आशिषच बोलला होता. कुणी गेलं, कुणाची एकसष्टी निघाली, कुणाला निरोप द्यायचा असला की लोक म्हणत, देशमाने सरांना सांगा, त्यांना सुचतं. 'सुचतं' हा शब्द ऐकला की इतकी वर्षं त्याला अंगावर कुणी अत्तर लावल्यासारखं वाटायचं. आणि आज ज्यांच्यासाठी ते वाक्य वापरलं ते मानसिंगराव संस्थेचे अध्यक्ष. गुडघ्यांमुळं ते कित्येक वर्षं चालतच नव्हते. काळ्या काचांची गाडी थेट पायरीला लागायची आणि दोघं शिपाई हात धरून त्यांना वर आणायचे. उन्हात चालणारे मानसिंगराव त्या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेच नव्हते. तरी कुणी हसलं नाही. उलट सभा संपल्यावर त्यांच्या थोरल्या मुलानं आशिषचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "सर, दादांचं अगदी चित्र उभं केलंत." आशिषनं मान लववली. मुलाच्या खांद्यावरून त्याला दिसलं, दाक्षायणीबाई दाराशी भिंतीला हात टेकून पायानं चप्पल शोधत होत्या. एरवी त्या थांबायच्या, "काय आशिष सर, बरं आहे का?" विचारल्याशिवाय जायच्या नाहीत. आज त्या त्याला शोधत नव्हत्या. आणि शोधलं असतं तरी तो सापडला नसता, कारण तोवर तो थंड पाण्याच्या जारांमागं जाऊन उभा राहिला होता. तहान नसताना तो कागदी पेल्यातून पाणी प्यायला, पेला पुन्हा भरून पुन्हा प्यायला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस एका म्हाताऱ्या बाईला चप्पल सापडेपर्यंत जारांमागं लपून उभा राहतो, हे त्याला कळत होतं. त्या गेल्यावर तो बाहेर आला.

स्कूटरवर मागं त्याची बायको निवेदिता बसली होती. सात रस्ता चौकाच्या सिग्नलला ऊन डोक्यावर आलं होतं, चैत्र अजून लागला नव्हता तरी डांबर मऊ पडायला लागलं होतं. तिनं पर्स डोक्यावर धरली आणि म्हणाली, "सावलीच्या आधी आज फार वेळ थांबलास."

"म्हणजे?"

"मागच्या खेपेला एवढा थांबला नव्हतास."

त्यानं मान मागं वळवली. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुलाच माहीत आहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भाजी आणायची आठवण करावी तसं ती बोलली. मग तिनं एकेक मोजलं: ग्रंथालयाचे ते आजोबा गेले तेव्हा. ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या निरोपाला. आणि तिच्या मामांच्या एकसष्टीला. "मामांच्या पण?" त्यानं विचारलं. "हो की. मामा दुकानात बसून असतात दिवसभर, ते कुठलं उन्हात चालतात? पण त्यांना आवडलं. रडले ते. मग मी कशाला बोलू?" सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. आशिषला वाटलं, घरातलं माणूस इतके दिवस आपल्या तोंडाला काहीतरी लागलेलं पाहत होतं आणि पुसून घे म्हणालं नाही. कारण तिला वाटलं, हा ते मुद्दाम लावून फिरतोय.

दुपारी जेवण झाल्यावर तो पडून राहिला, पण डोळा लागला नाही. ते वाक्य आलं कुठून, हे आठवायचा तो प्रयत्न करत होता, आणि आठवलं तेव्हा आठवलं नसतं तर बरं असं त्याला झालं. वीरभद्रप्पांच्या सभेच्या दिवशी रिक्षात बसेपर्यंत त्याच्याकडं त्यांच्याविषयी बोलायला काहीच नव्हतं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली, पण आठवत होतं ते काय? वेळापत्रकावरून घातलेला वाद. खडूनं पांढरी झालेली बाही. 'आशिषप्पा' म्हणून मारलेली हाक. ती तर ते सगळ्यांनाच मारायचे, नावाला 'प्पा' जोडून. असलं काही घेऊन सभेत उभं राहता येत नाही. आसरा चौकाच्या अलीकडं रिक्षा गर्दीत अडकली आणि त्याला बाहेर एक माणूस दिसला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट, हाताला शाळेच्या गणवेशातली पोर. भिंतीकडेनं चालले होते. रस्ता वळला, ऊन दुसऱ्या बाजूनं यायला लागलं, तसं त्या माणसानं बोलणं न थांबवता पोरीला एका हातानं उचललं, आपल्या दुसऱ्या बाजूला ठेवलं, आणि चालू लागला. पोरीला कळलंसुद्धा नाही. ती काहीतरी सांगत होती ते सांगतच राहिली. तिच्या वेण्यांवर बापाची सावली होती.

तेव्हा आशिषला आनंद झाला होता. लखलखीत, पोटातून आलेला आनंद. माणूस मेलेला, त्याची बायको सभागृहात पांढऱ्या साडीत बसलेली, आणि हा रिक्षात गुणगुणत होता; रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं होतं. सापडलं, असं त्याला झालं होतं. आणि खोटं कशाला बोला, ते खरंच सापडलं होतं. कुठल्या पुस्तकातनं घेतलं नव्हतं, कुणाचं ऐकलं नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी ते वाक्य जिवंत होतं, त्याला धाप लागत होती. पण वीरभद्रप्पा तसे चालायचे का, हा प्रश्न त्याला त्या दिवशी पडलाच नव्हता. एका अनोळखी माणसाचं चालणं त्यानं सोडवून घेतलं आणि दुसऱ्याच्या, आता कधीच न चालणाऱ्याच्या पायांना बांधलं. सभागृहात पहिल्या रांगेतून एक हुंदका आला होता. तो दाक्षायणीबाईंचा होता. आणि आशिषनं तो हुंदका, आता पडल्या पडल्या त्याला हे स्पष्ट आठवलं, परीक्षेचा निकाल ऐकावा तसा ऐकला होता.

सोमवारी त्याचा अकरावीला सर्जनशील लेखनाचा तास होता. हा तास त्यानंच सुरू करवून घेतला होता. मुलं आवडीनं यायची. फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्याला कळेना, आज काय सांगायचं. तो नेहमी एक युक्ती सांगायचा, आणि ती सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो असं त्याला वाटायचं: आपल्या वाक्यातलं नाव खोडा आणि तिथं दुसऱ्या कुणाचं घाला. वाक्य तसंच उभं राहिलं तर समजा, ते मेलेलं आहे. ही युक्ती त्याची स्वतःची होती आणि तिचा त्याला अभिमान होता. खिडकीशी अपेक्षा बसली होती, माढ्याकडची, मावशीकडं राहून शिकणारी. दिवाळीनंतर तिनं लिहून आणलं होतं: दादा पुण्याला कामाला गेला आणि घर खायला उठलं. आशिषनं ते वर्गात वाचून दाखवलं होतं. "कुणी पाहिलंय का घराला उठताना?" त्यानं विचारलं होतं. "दार आ वासतं का? खिडक्या दात काढतात का? उसनी वाक्यं आणू नका रे." वर्ग हसला होता. अपेक्षा उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "उठतंय की सर. लई उठतंय." वर्ग आणखी हसला, तोही हसला, आणि तिच्या वहीवर त्यानं लाल अक्षरात लिहिलं: नावीन्य हवे. आज ती खिडकीशी बसून त्याच्याकडं पाहत होती, काही मनात न ठेवता, पेनाचं टोपण दातात धरून. तिच्या घराचं काय झालं असेल, ते अजून उठतं का, दादा सणाला तरी येतो का, यातलं त्यानं तेव्हा काही विचारलं नव्हतं. वाक्य नवं आहे की जुनं, एवढंच पाहिलं होतं. तिचं जुनं वाक्य तिच्या घरी झालेलं होतं, आणि त्याचं नवं वाक्य कुणाच्याच घरी झालेलं नव्हतं. त्याला तिची माफी मागावीशी वाटली. त्याऐवजी त्यानं हजेरी घेतली आणि 'उन्हाळा' या विषयावर लिहा म्हणून तो खुर्चीत बसला.

मोकळ्या तासाला स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं. दाक्षायणीबाईंकडं जायला हवं, एवढं ठरलं होतं. पण रिकाम्या हातानं कसं जायचं? आणि मग त्याच्या डोक्यात जे आलं त्याची त्याला पुढं कित्येक दिवस किळस येत राहिली: त्यानं ठरवलं, वीरभद्रप्पांसाठी एक नवं वाक्य करायचं. फक्त त्यांच्यासाठी. दुसऱ्या कुणाला कधी द्यायचं नाही. ते घेऊन जायचं, बाईंना सांगायचं, आणि झाल्या गोष्टीवर पडदा पडेल. तो वाक्य जुळवू लागला. सुचायला लागलं, तेच तर दुखणं होतं. भूगोलाचे शिक्षक होते, म्हणून नकाशा आला: त्यांनी मुलांना नकाशा दिला नाही, दिशा दिली. चांगलं होतं. त्यानं वीरभद्रप्पांचं नाव काढून आपल्या मराठीच्या जुन्या बाईंचं घातलं. वाक्य हललं नाही. मग नदी आली. नदीनं ग्रंथालयाच्या आजोबांनाही तितक्याच मायेनं पोटात घेतलं. मग बोलण्यापेक्षा मोठी असलेली शांतता आली, आणि ती तर वीरभद्रप्पांना मुळीच बसेना, कारण ते दिवसभर बोलायचे. एकेक वाक्य देखणं होतं, तयार कपड्यांच्या दुकानातल्या सदऱ्यासारखं. कुणाच्याही अंगात जात होतं आणि कुणाच्याही अंगाचा वास त्याला नव्हता. आशिषला वाटलं, आजवर आपण ज्याला सुचणं म्हणत आलो ते हेच होतं का? की त्या निळ्या शर्टाच्या माणसाला पोरीला उचलून पलीकडं ठेवावंसं वाटलं, ते सुचणं होतं, आणि आपण फक्त रिक्षातून बघणारे? घंटा झाली. दोन प्राध्यापक हसत आत आले, त्यातला एक म्हणाला, "काय देशमाने, काही लिहायलाय का?" आशिषनं कागद चुरगाळला आणि खिशात घातला, टोपलीत टाकायचासुद्धा त्याला धीर झाला नाही.

तरी जायला त्याला आठवडा लागला. मध्ये एकदा तो जुळे सोलापुरात त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि परत आला. एकदा फोन लावला आणि पहिल्या रिंगला बंद केला. शेवटी एका दुपारी कॉलेजातून थेट गेला. फाटक उघडंच होतं. अंगणात पितळी घागरी, स्टीलची पातेली, प्लॅस्टिकच्या बादल्या ओळीनं मांडलेल्या, कोपऱ्यात निळं पिंप, आणि दाक्षायणीबाई साडी खोचून, हातात पाइप धरून उभ्या होत्या. पाण्याचा दिवस होता. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी भांड्यांची मांडणी प्रयोगशाळेसारखी नेटकी होती.

"या की," त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. तेच वाईट होतं. "बरं झालं आलात. चार दिवसांनी आलंय पाणी, ते पण करंगळीएवढं. तेवढा पाइप धरा, मी आतली मोटर बघून येते."

त्यानं पाइप धरला. त्या आत गेल्या, काहीतरी खटकन वाजलं, त्या पदराला हात पुसत परत आल्या आणि बादल्या उचलून दाराच्या आत ठेवू लागल्या. त्यानं मदत करायला पाइप खाली ठेवला, तर त्या म्हणाल्या, "अय्यो, खाली नका टेकवू, माती जाते." तो पुन्हा पाइप धरून उभा राहिला. पिंपाच्या तळाशी पाणी आपटत होतं. इतकं तालमीत बसवलेलं बोलणं त्याला आठवेना.

"काकू, रविवारी सभेत," तो म्हणाला, "ते जे मी बोललो..."

"हं."

"ते मी आपल्या सरांसाठी बोललो होतो."

"मला पाठ आहे ते," दाक्षायणीबाई म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या. "मी तुम्हाला एकच विचारणार आहे. तुम्हाला वाईट वाटू नये. तुम्ही बघितलं होतं का त्यांना तसं चालताना?"

"हो," आशिष म्हणाला.

ते त्यानं ठरवलं नव्हतं. त्याच्या तोंडातून ते आपसूक आलं. आणि बाईंचा चेहरा बदलला; त्या पायरीवर थोड्या पुढं सरकल्या. "कुठं?" त्यांनी विचारलं. "सहलीला का? का बाजारात? बाजारात मीच असायची बरोबर. सहलीला असेल." त्यांना ते इतकं हवं होतं की त्या त्याला जागासुद्धा पुरवत होत्या. आणि आशिषच्या डोळ्यांपुढं ते सगळं येऊन उभं राहिलंच होतं: विजापूर वेशीतला रस्ता, वैशाखातली दुपार, वीरभद्रप्पांच्या हातातल्या पिशवीतून डोकावणारी अंबाडीची भाजी, बरोबर चालणारा कुणीतरी घाबरट विद्यार्थी आणि त्याच्या खांद्यावर सरांची सावली. एका श्वासात आलं, कडेपासून कडेपर्यंत पुरं, रंगासकट. इतक्या सहज, इतकं देखणं, की त्याला स्वतःच्या डोक्याची भीती वाटली. हे सांगितलं असतं तर बाईंनी ते जन्मभर जपलं असतं.

"नाही काकू," तो म्हणाला. "बघितलं नव्हतं. मी खोटं बोललो. आत्ता पण, आणि तेव्हा पण. रस्त्यात दुसरा एक माणूस दिसला होता. कोण ते मला माहीत नाही."

पिंप अर्ध्यावर आलं होतं, पाण्याचा आवाज बदलला होता. समोरच्या घरातली बाई फाटकाशी येऊन "काकू, तुमच्याकडं आहे का अजून पाणी?" म्हणून गेली, तिला दाक्षायणीबाईंनी हातानंच आहे म्हणून सांगितलं. मग म्हणाल्या, "प्रियंका मला म्हणाली होती."

प्रियंका म्हणजे त्यांची मुलगी, बेंगळुरूला असते, हे आशिषला माहीत होतं.

"ती म्हणाली, 'अम्मा, अप्पा असं कधी चालायचे गं?' मी इतकी चिडले. म्हटलं, तू कुठं होतीस बघायला? तुझं लक्ष तरी होतं का बापाकडं? नको ते बोलले मी तिला. फोन ठेवून दिला तिनं. बरेच दिवस बोललो नव्हतो आम्ही दोघी." त्या थांबल्या. "ते पुढं चालायचे हो. लग्न झाल्यापासून. अक्कलकोटला पहिल्यांदा देवाला गेलो, नवी साडी, नव्या चपला, आणि हे पुढं. मी मागनं ओरडायची, अहो, थांबा की. तर कोपऱ्यावर जाऊन थांबायचे. मी पोचले रे पोचले की पुन्हा चालायला लागायचे. म्हणजे त्यांना विश्रांती, आणि मला नाही!"

आशिषच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, ते त्यानं आवरलं. हसायचा हक्क आपल्याला आहे का हे त्याला ठरवता येईना.

"जन्मभर भांडले मी त्यावरनं," दाक्षायणीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता. "जन्मभर. आणि ते शिवैक्य झाले, तुम्ही माइकवर असं बोललात, शंभर माणसं रडली. मला वाटलं, अय्यो, आपणच विसरलो की काय? आपणच कधी बघितलं नाही, ते तर ऊन अंगावर घेत होते. मी आठवायला बसले. रोज बसायची. आणि आठवायला लागलं की हो! ह्या बाजूनं चालतायत, मी त्या बाजूला. मला दिसायला लागले तसे. दवाखान्यात जाताना तसे, लग्नाला जाताना तसे. माझा नवरा, मी मागनं ओरडल्यावर थांबणारा, तो गेला कुठं? त्या रविवारी तुम्ही ते अध्यक्षांना लावलंत तेव्हा मला कळलं, हा माझा नव्हेच. हा कुणाला पण होतोय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही. शाळेत मुलाकडं पाहावं तसं त्यांनी आशिषकडं पाहिलं. "माझं भांडण नेलंत तुम्ही, आशिष सर. वर्ष उलटून गेलं, मी त्यांच्याशी भांडलेली नाही."

आशिषनं माफी मागावी, तर 'माफी' हा शब्दसुद्धा कित्येक सभांमधून वापरलेला, आभार मानताना, उशीर झाला तर, कुणाचं नाव राहून गेलं तर. त्याच्या चपला ओल्या झाल्या होत्या. हात अवघडला होता, पण पाइप खाली टेकवायचा नव्हता. तो नुसता उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपल्याला काही सुचू नये.

"तुम्हाला खरं काय आठवतं त्यांचं?" बाईंनी विचारलं. "काही पण. चांगलंच पाहिजे असं नाही."

"विशेष काही नाही, काकू."

"विशेष नकोच आहे मला."

तो आठवू लागला. वेळापत्रक, बाही, हाक, तेच तेच. मग त्याच्या मागं, कुठंतरी तळाशी, एक स्टीलचा डबा दिसला. "एकदा," तो म्हणाला, "स्टाफरूममध्ये त्यांनी माझा डबा खाल्ला. चुकून. दोन्ही डबे सारखेच होते. मी तास संपवून आलो, तर यांचं जेवण होत आलेलं. मी म्हटलं, सर, तो माझा आहे. तर त्यांनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, 'तरीच आशिषप्पा... मीठ कमी लागत होतं.'" सांगताना 'मीठ'च्या आधी आपण थांबलो, हे त्याच्या लक्षात आलं. बरोबर तेवढंच थांबलो, जेवढं थांबल्यावर माणसं हसतात. त्याचे कान तापले.

दाक्षायणीबाई हसल्या नव्हत्या. त्या ऐकत होत्या, तहानलेल्या माणसानं ऐकावं तशा. "मग?"

"मग काही नाही. त्यांनी आपला डबा मला दिला. भेंडी होती. आणि माझा डबा त्यांनी नळावर नेऊन धुतला, पुसला, आणि माझ्या पिशवीत ठेवला."

"काय केलं?"

"धुतला."

"यांनी?"

"हो."

"साबणानं?"

आशिष थांबला. इथं काही भरीला घालणं सोपं होतं. "साबणाचं आठवत नाही," तो म्हणाला. "धुतला एवढं नक्की. मी बघितलं होतं."

दाक्षायणीबाई पायरीवरून उठल्या, गुडघ्याला हात न लावता उठल्या. "घरात जेवलेलं ताट कधी उचललं नाही त्या माणसानं," त्या म्हणाल्या. "पेल्यातनं पाणी प्यायले तर पेला तिथंच. मला ताप आला होता तेव्हा पण तिथंच. आणि कॉलेजात लोकांचे डबे धुवायलेत?" त्यांचा चेहरा लाल झाला होता, वय उतरल्यासारखं दिसत होतं. "थांबा. हे मला बघायलाच पाहिजे."

त्या आत गेल्या. दारातून आतली भिंत आणि भिंतीवरच्या सरांच्या फोटोची फक्त एक कड, हार आणि कपाळावरच्या विभूतीचा पट्टा एवढंच दिसत होतं. मग त्यांचा आवाज आला. कन्नडमध्ये, भरभर, वरच्या पट्टीत. मध्ये थांबून, उत्तराला जागा देऊन, आणि ते उत्तर न पटून आणखी वर. पिंप भरून वाहू लागलं होतं. आशिषनं पाइप एका घागरीत सोडला आणि तो तिथंच, ओल्या अंगणात, खाली मान घालून ऐकत उभा राहिला. त्याला कन्नड येत नव्हतं. त्यातला एकही शब्द त्याच्या उपयोगाचा नव्हता.